आडात आहे, पोहऱ्यात का येत नाही?

'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' ही म्हण आपल्याकडे शिक्षकांबद्दल बोलताना हमखास निघते. ज्याला स्वतःलाच विषय येत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार, असा तिचा सरळ अर्थ. म्हण खोटी नाही, पण अर्धी आहे. इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला आम्हाला एम-वन शिकवायला असलेल्या प्राध्यापकांचा विषयात दबदबा होता. तासाला दोन फळे भरायचे, एकही पायरी चुकायची नाही, आणि आम्हाला त्यातलं जवळपास काहीही कळायचं नाही. परीक्षेच्या आधी सगळे हॉस्टेलवरच्या एका सीनियरकडे जायचे. त्याला एम-वनमध्येच केटी लागली होती आणि दुसऱ्या प्रयत्नात तो कसाबसा सुटला होता. आपण नेमके कुठे अडकणार हे त्याला ठाऊक असायचं, कारण वर्षापूर्वी तो तिथेच अडकला होता.

नोकरीत हेच वेगळ्या वेषात भेटलं. सिस्टीम ज्याने बांधली त्याने लिहिलेलं डॉक्युमेंटेशन अचूक असतं, आणि नव्याने आलेल्या माणसाला ते वाचून काय करायचं ते कळत नाही. आड काठोकाठ भरलेला असतानाही पोहरा कोरडा का येतो, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे. त्याचं उत्तर शोधताना मी गणिताच्या इतिहासातल्या एका प्रकरणापाशी पोचलो. त्यात शिकवणारे साधेसुधे तज्ज्ञ नव्हते, आपापल्या काळातले नावाजलेले गणिती होते. हाताशी सरकारी पैसा होता, हेतू चांगला होता. तरीही दुसरी-तिसरीतल्या मुलांपर्यंत त्यांना जे पोचवायचं होतं ते पोचलं नाही. अमेरिकेत या प्रकरणाला 'न्यू मॅथ' म्हणतात.

वजाबाकी आठच्या पायावर

१९६५ साली टॉम लेहरर या विनोदी गायकाचं 'न्यू मॅथ' नावाचं गाणं आलं. लेहरर स्वतः गणित शिकवणारा माणूस, त्यामुळे विनोद नेमका बसला होता. गाण्यात तो ३४२ मधून १७३ वजा करून दाखवतो. आधी दशमान पद्धतीने, दशक सुटा करून, आणि हे असं का करायचं याच्या लांबलचक स्पष्टीकरणासह. उत्तर १६९. मग तो म्हणतो की पुस्तकात हेच उदाहरण आठच्या पायावर करायला सांगितलंय. तिथे उत्तर येतं १४७. ऐकणारे हसत होते, कारण त्यांच्या घरात हेच चाललं होतं. मुलं शाळेतून गृहपाठ घेऊन येत आणि ज्यांनी आयुष्यभर दुकानाचे, बँकेचे हिशेब केले त्या आईबापांना दुसरीतल्या मुलाची वजाबाकी समजत नसे. पालकांसाठी नव्या गणिताची वेगळी पुस्तकं निघाली, वर्ग निघाले.

हे आलं कुठून? साधारणपणे गोष्ट स्पुटनिकपासून सांगतात. ४ ऑक्टोबर १९५७ ला सोव्हिएत संघाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडला, अमेरिका हादरली, आपल्या शाळांत विज्ञान-गणित कच्चं आहे अशी ओरड झाली आणि १९५८ मध्ये संसदेने शिक्षणासाठी मोठा निधी मंजूर केला. पण सुरुवात त्याच्या आधीची आहे. इलिनॉय विद्यापीठात मॅक्स बेबरमन आणि त्याचे सहकारी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच हायस्कूलसाठी नवं गणित लिहीत होते. त्यांची तक्रार रास्त होती. शाळेत गणित म्हणजे पाठ केलेल्या कृतींची जंत्री झाली होती. अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, का ते विचारायचं नाही. आपल्याकडे पावकी-निमकी पाठ केलेल्या आजोबांच्या पिढीला आणि 'सूत्रात किंमत घाला' म्हणून शिकलेल्या आमच्या पिढीलाही ही तक्रार परकी वाटणार नाही. मुलांना कृतीमागचा अर्थ कळावा एवढंच या लोकांना हवं होतं.

स्पुटनिकनंतर या कामाला पैसा आणि घाई दोन्ही मिळालं. १९५८ साली 'स्कूल मॅथेमॅटिक्स स्टडी ग्रुप' स्थापन झाला. त्याचा प्रमुख एडवर्ड बेगल हा येल विद्यापीठातला टोपॉलॉजीचा माणूस. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठातले गणिती आणि शाळांतले शिक्षक एकत्र बसून पुस्तकं लिहू लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण 'हस्तिदंती मनोऱ्यात बसून लिहिलं' असं म्हणून ही गोष्ट निकालात काढता येत नाही. शिक्षक सोबत होते, वर्गांत चाचण्याही झाल्या. सुरुवातीची पुस्तकं कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या हायस्कूलच्या मुलांसाठी होती. मग दोनेक वर्षांतच तीच दृष्टी प्राथमिक शाळेपर्यंत खाली उतरवायचं काम सुरू झालं. तिथे गाडी अडकली.

पुस्तकात काय होतं

नव्या पुस्तकांत संच पहिल्या पानांपासून आले. मूल तीन सफरचंदं मोजायच्या आधी 'तीन घटक असलेला संच' शिकू लागलं. 'संख्या' आणि 'संख्याचिन्ह' यांतला फरक आला: कागदावर लिहिलेला ५ हा आकडा म्हणजे पाच ही संख्या नव्हे, ते फक्त तिचं नाव. बेरीज कुठल्याही क्रमाने केली तरी चालते हे मुलांना बोटांवर कळलेलं असतं. त्याला आता 'क्रमनिरपेक्षता' हे नाव आलं, पाठोपाठ 'साहचर्य' आणि 'वितरण'. दशमान पद्धती ही अनेक पद्धतींतली फक्त एक आहे हे कळावं म्हणून पाचच्या, आठच्या पायावरची उदाहरणं आली.

रिचर्ड फाइनमन १९६४ साली कॅलिफोर्निया राज्याच्या पाठ्यपुस्तकं तपासणाऱ्या समितीवर होता. ढीगभर पुस्तकं त्याने घरी वाचून काढली आणि १९६५ मध्ये कॅलटेकच्या मासिकात त्यावर एक लेख लिहिला. त्यातलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या पुस्तकात मुलांना सांगितलेलं असायचं, चेंडू लाल रंगवा. नव्या पुस्तकात सांगितलं होतं, चेंडूचं चित्र लाल रंगवा. अचूकता वाढली, कारण चेंडू वेगळा आणि चेंडूचं चित्र वेगळं. पण पहिल्या वाक्याने गोंधळलेलं मूल जगात कुठे असेल का? उलट दुसरं वाक्य वाचून ते थबकेल: चेंडूचं चित्र म्हणजे आतला भागही, की फक्त कडा? जिथे संदिग्धता नव्हती तिथे ती अचूकतेच्या आग्रहाने तयार झाली. त्याच लेखात तो प्राणिसंग्रहालयाचं उदाहरण देतो. रखवालदाराने मदतनिसाला 'आजारी सरडे बाहेर काढ' म्हणायच्या ऐवजी 'सरड्यांचा संच आणि आजारी प्राण्यांचा संच यांच्या छेदातले प्राणी बाहेर काढ' असं सांगितलं, तर वाक्य बिनचूक आहे. सरड्याला त्याचा उपयोग नाही.

पाया शेवटी सापडतो

मग एवढ्या हुशार माणसांना हे का दिसलं नाही? त्यांना मुलांची पर्वा नव्हती असं म्हणणं खोटं ठरेल. त्यांना काहीतरी वेगळं दिसत होतं, आणि ते गणित म्हणून बरोबरच होतं.

१९३० च्या दशकात फ्रान्समध्ये तरुण गणितींच्या एका गटाने निकोला बुर्बाकी या टोपणनावाने सगळं गणित नव्याने, एकसंध रचायला घेतलं. त्यांच्या इमारतीचा पाया होता संच. संचांवरून रचना, रचनांवरून बीजगणित, टोपॉलॉजी आणि पुढचं सगळं. काम भव्य होतं. त्यात वाढलेल्या गणितीच्या नजरेला संच सगळ्यांत सोपे दिसतात, कारण त्यांच्याखाली काही नसतं. संख्या त्यांच्यावर उभ्या, बेरीज संख्यांवर उभी. तर मग मुलाला पायापासून सुरुवात करून द्यायला नको का?

सॉफ्टवेअरमधल्या माणसाला हा विचार लगेच ओळखू येतो. एखादा प्रोग्रॅम चालवायला ज्या लायब्ररी लागतात त्यांना आम्ही डिपेंडन्सी म्हणतो. 'अ' ला 'ब' लागतं, 'ब' ला 'क' लागतं, तर आधी 'क' बसवा, मग 'ब', मग 'अ'. मशीनला हाच क्रम लागतो. तज्ज्ञाच्या डोक्यात विषयाचा असाच नकाशा तयार झालेला असतो, आणि शिकवायची वेळ आली की तो प्रामाणिकपणे तळापासून इन्स्टॉल करायला घेतो. पण माणूस या क्रमाने शिकत नाही. खुद्द गणितही या क्रमाने शोधलं गेलं नाही.

माणसं हजारो वर्षं मोजत होती. कँटॉरने संचांवरचं काम सुरू केलं १८७४ च्या सुमारास. पेआनोने नैसर्गिक संख्यांची गृहीतकं मांडली १८८९ साली. व्हाइटहेड आणि रसेल यांनी १९१० मध्ये 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका'चा पहिला खंड काढला, त्यात एक अधिक एक बरोबर दोन ही गोष्ट हाताशी यायला साडेतीनशेहून जास्त पानं उलटावी लागतात. न्यूटन आणि लाइब्निट्स यांचं कॅलक्युलस सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. कोशीने लिमिटच्या व्याख्येवर ते नीट उभं करायला घेतलं १८२१ मध्ये. मधली जवळजवळ दीडशे वर्षं ऑयलरसारखी माणसं भक्कम पायाशिवायच कॅलक्युलस वापरून ग्रहांच्या कक्षा आणि तारांची कंपनं सोडवत होती. आपण मात्र अकरावीत आधी लिमिट्स शिकतो, मग डेरिव्हेटिव्ह. जो प्रश्न पडायला जगातल्या उत्तम डोक्यांना दीडशे वर्षं लागली, त्याचं उत्तर मुलाला प्रश्न पडायच्या आधी मिळतं.

पाया हा शेवटी सापडतो. घर बांधून, त्यात राहून, भिंतीला तडे गेल्यावर माणसं खाली खणतात आणि घर कशावर उभं आहे ते शोधतात. सापडलेला पाया मग पुस्तकाच्या पहिल्या पानावर जातो आणि खणण्याचं कारण गळून पडतं.

ऋण संख्यांचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली त्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम लिहिले ते संपत्ती आणि कर्जाच्या भाषेत. मराठीत आजही आपण 'धन' आणि 'ऋण' म्हणतो. ती कल्पना माणसाला कुठल्या वाटेने सुचली, ती वाट शब्दांतच शिल्लक राहिली आहे. खिशात पाच रुपये आणि किराणावाल्याची आठ रुपयांची उधारी, म्हणजे तीन रुपयांचं ऋण, हे समजायला व्याख्या लागत नाही. युरोपात मात्र अठराव्या शतकातही या संख्या अनेकांच्या गळी उतरत नव्हत्या. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस मासेरेसने १७५८ साली ऋण चिन्हाच्या वापराविरुद्ध अख्खा प्रबंध लिहिला. चांगल्या गणितींना जिथे शतकानुशतकं अडखळायला झालं, तिथे बारा वर्षांचं मूल अडखळणारच. आधुनिक गणितात ऋण संख्या म्हणजे संख्यांच्या जोड्यांचा एक विशिष्ट वर्ग. व्याख्या निर्दोष आहे, पण तीत ना उधारी आहे ना किराणावाला.

तज्ज्ञाला हे दिसत नाही, कारण त्याला खरोखरच वेगळं दिसत असतं. १९८१ साली मिशेलिन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेझर यांनी भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांना आणि नवख्या विद्यार्थ्यांना तीच उदाहरणं देऊन त्यांचे गट पाडायला सांगितले. नवख्यांनी दिसेल त्यावरून गट पाडले: उताराची उदाहरणं एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे. अनुभवींनी मूळ तत्त्वावरून पाडले: ही ऊर्जेच्या अक्षय्यतेची, ती न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची. एकाला जिथे उतार दिसतो तिथे दुसऱ्याला ऊर्जा दिसते. अनुभवी माणूस 'ऊर्जा' म्हणून बोलायला लागतो आणि ऐकणारा अजून उतारावर उभा असतो. दोघांनाही वाटतं की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय.

घरातलाच विरोध

न्यू मॅथचा पहिला मोठा विरोध गणितींकडूनच आला. १९६२ साली साठाहून अधिक गणितींनी सह्या केलेलं एक निवेदन प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: अमूर्त कल्पना मुलांसमोर येण्याआधी मूर्त अनुभव यायला हवा, आणि मुलाला शिकवण्याचा चांगला मार्ग शोधायचा तर मानवजात त्या विषयापर्यंत कशी पोचली ते पाहावं. सह्या करणाऱ्यांत जॉर्ज पोल्या होता, रिचर्ड कूराँ होता, मॉरिस क्लाइन होता. आणि आंद्रे व्हेय होता, बुर्बाकी गटाच्या संस्थापकांपैकी एक! त्याच गटातल्या झाँ द्यूदोनेने १९५९ साली फ्रान्समधल्या रॉयोमाँ इथल्या परिषदेत शाळेतून युक्लिडला निरोप द्या अशी घोषणा केली होती. म्हणजे भांडण गणित जाणणारे आणि न जाणणारे यांच्यात नव्हतं. दोन्हीकडच्या आडांत पाणी सारखंच होतं.

वाद नवाही नव्हता. १७४१ साली अलेक्सी क्लेरो या फ्रेंच गणितीने भूमितीचं पुस्तक लिहिलं ते व्याख्या आणि गृहीतकं बाजूला ठेवून, जमीन मोजण्यापासून सुरुवात करत. नवख्या वाचकाला सुरुवातीलाच रुक्ष व्याख्यांच्या ढिगाखाली गाडू नये, हे त्याचं कारण होतं. युक्लिडविरुद्ध त्याची जी तक्रार होती, तीच पुढे युक्लिडला हटवायला निघालेल्यांविरुद्ध करावी लागली.

मात्र अडचण ओळखणारा तिच्यातून सुटतोच असं नाही. फाइनमनने १९६१ ते १९६३ या काळात कॅलटेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षांना दिलेली व्याख्यानं पुढे पुस्तकरूपाने जगभर गाजली. त्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो लिहितो की विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिलं तर आपल्याला हे फारसं साधलं असं वाटत नाही. परीक्षांतली उत्तरं बघून तो या मतावर आला होता. चेंडूच्या चित्राची गंमत पकडणाऱ्या माणसाचीही ही गत.

शेवट कसा झाला

फ्रान्समध्ये आंद्रे लिश्नेरोविचच्या आयोगाने आखलेला अभ्यासक्रम १९६९ पासून शाळांत आला, अमेरिकेपेक्षाही जास्त अमूर्त. फील्ड्स पदक मिळालेला रने टॉम त्याच्याविरुद्ध लिहू लागला. अमेरिकेत मॉरिस क्लाइनचं न्यू मॅथच्या अपयशावरचं पुस्तक १९७३ साली आलं आणि त्याच सुमारास 'पुन्हा मूलभूत गोष्टींकडे' अशी हाक सुरू झाली. दहा-पंधरा वर्षांत दोन्हीकडे लाट ओसरली. सगळं खापर न्यू मॅथवर फोडणंही बरोबर नाही. कित्येक वर्गांत नवं पुस्तक आलं तरी शिकवणं जुनंच राहिलं. ज्या बेबरमनच्या वर्गांतून हे सुरू झालं त्याला स्वतःला १९६४ सालीच प्राथमिक शाळांत जे चाललंय त्याची धास्ती वाटू लागली होती, आणि ती त्याने जाहीरपणे बोलून दाखवली. हायस्कूलच्या मुलांसमोर तयारीच्या शिक्षकाने जे फुलवलं, ते सात वर्षांच्या मुलांसमोर बिनतयारीच्या शिक्षकाकडून वाचून घेतलं जात होतं.

या सगळ्यात मला बेगलबद्दल आदर वाटतो. ज्याने चळवळ चालवली त्यानेच पुढची वर्षं तिचे परिणाम मोजण्यात घालवली. १९७२ साली त्याने बीजगणित शिकवणाऱ्या तीनशेच्या आसपास शिक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शिक्षकाला उच्च बीजगणित किती येतं आणि त्याची मुलं किती शिकतात, यांत म्हणावं असं नातं त्याला सापडलं नाही. हे शिक्षक मुळात बरे शिकलेले होते. त्यामुळे 'विषय नाही आला तरी चालेल' असा याचा अर्थ नाही. आडात पाणी लागतंच. पण एका मर्यादेनंतर आड आणखी खोल केल्याने पोहरा जास्त भरत नाही, एवढं मात्र यातून कळतं.

महाराष्ट्रात त्या काळाची एक खूण आजही सापडते. आपल्या राज्य मंडळाच्या नववीच्या बीजगणिताच्या पुस्तकात पहिलं प्रकरण 'संच' आहे. माझ्याही पुस्तकात होतं. क्रिकेट आवडणारी इतकी मुलं, फुटबॉल आवडणारी इतकी, दोन्ही आवडणारी इतकी, तर एकही न आवडणारी किती? वेन आकृत्या काढायच्या, मार्क मिळवायचे. धडा सोपा होता, पण तो कशासाठी आहे हे कोणी सांगितलं नाही आणि पुढच्या प्रकरणांत त्याची फारशी गरजही पडली नाही. संच मला भेटले ते सहा-सात वर्षांनी, डेटाबेस शिकताना. दोन टेबलांतले कोणते ग्राहक सामाईक आहेत ते शोधायचं होतं, हाताशी लाखभर नोंदी होत्या, आणि छेद म्हणजे काय ते एका दुपारी कळलं. गरज आधी आली, नाव मागून आलं.

होशंगाबादची वाट

तज्ज्ञांना नवख्यांशी बोलणं जमतच नाही असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण त्याच दशकांत आपल्याकडे उलटं उदाहरण घडलं. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्था त्यामागे होत्या. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून तिथे गेले होते. टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक येऊन खेड्यातल्या शिक्षकांसोबत बसत. १९७८ मध्ये कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पोचला, १९८२ मध्ये तो पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' संस्था झाली. त्याच काळात आयआयटीतून शिकून पुण्यात टेल्कोत नोकरी करणारे अरविंद गुप्ता सुट्टी काढून तिथे गेले, आणि काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे जोडून भूमितीचे आकार करू लागले. त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो, हे त्यात बोटांना आधी कळतं.

तिथेही तज्ज्ञ होते, पुस्तक होतं, चाचण्या होत्या. मग वेगळं काय होतं? माझ्या मते, अमेरिकेतल्या चाचण्या बहुतांशी 'हे शिकवता येतं का' एवढंच विचारत होत्या. काय शिकवायचं ते विषयाच्या नकाशावरून आधीच ठरलं होतं. होशंगाबादमध्ये उलटी वाट उघडी होती. शिक्षक दर महिन्याला भेटत, वर्गात काय फसलं ते सांगत, आणि त्यावरून 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकाचे धडे बदलत. मुलांनी प्रश्न विचारावेत म्हणून 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. त्याच्या नावाने पत्रं येत आणि त्यांना उत्तरं जात. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती. नवखा माणूस कुठे उभा आहे हे तज्ज्ञाला आठवून कळत नाही. ते त्याला सतत कोणीतरी सांगावं लागतं, आणि इथे सांगायची सोय केलेली होती.

मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी यांनीही असंच काम केलं. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत त्यांचं केंद्र काम करत होतं. विज्ञान अवघड वाटण्यात पुस्तकाच्या भाषेचा वाटा किती, हा प्रश्न कुलकर्णी आणि गंभीर यांनी संशोधनाचा विषय केला. मराठी माध्यमातल्या मुलालाही पाठ्यपुस्तकातली मराठी परकी असू शकते, ही गोष्ट पुस्तक लिहिणाऱ्या समितीला टेबलाशी बसून दिसणारी नव्हे.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला. हा मार्ग वेळखाऊ असतो, त्याला माणसं लागतात, आणि एका सुट्टीत पुस्तक लिहून तो पुरा होत नाही.

न्यू मॅथची मुलं आता साठी-सत्तरीत असतील. त्यांतल्या कित्येकांनी 'पुस्तक चुकीच्या टोकाने सुरू होतंय' असा निष्कर्ष काढला नसणार. सात वर्षांचं मूल तसा काढूही शकत नाही. ते एवढंच ठरवतं की आपल्याला गणित जमत नाही. तज्ज्ञाचं बोलणं न कळल्याची किंमत नेहमी नवखाच भरतो आणि ती स्वतःच्याच खात्यावर मांडतो. आमच्या क्षेत्रात हे रोज घडतं. नवा मुलगा मीटिंगमधून मान हलवत बाहेर पडतो आणि रात्री घरी जाऊन शोधत बसतो. विचारलं तर आपल्याला येत नाही हे उघडं पडेल, ही भीती.

त्यामुळे आमच्या टीममध्ये सध्या मी एकच गोष्ट लावून धरली आहे. नव्याने आलेल्या माणसाने पहिल्या महिन्यात जिथे-जिथे अडकायला झालं ते लिहून ठेवायचं, आणि सिस्टीमची ओळख करून देणारं पान त्यानेच दुरुस्त करायचं. आम्ही जुन्यांनी त्यातल्या चुका तेवढ्या तपासायच्या, क्रम बदलायचा नाही. गेल्या खेपेला आलेल्या मुलीने आर्किटेक्चरची आकृती पहिल्या पानावरून उचलून नवव्या पानावर नेली. पहिल्या पानावर आता एका ग्राहकाची एक ऑर्डर आहे आणि ती बटण दाबल्यापासून पावती मिळेपर्यंत कुठून कुठे जाते ते लिहिलेलं आहे.